चौथं मशीन का हलेना

ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं सगळं बघते. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून मागच्या खोलीतल्या दोन सर्व्हरपर्यंत. डोंबिवली, ठाकुर्ली, कळवा इथल्या आमच्या केंद्रांवर सकाळी रक्त घेतात, नळ्या दुपारी आमच्याकडे येतात आणि संध्याकाळी रिपोर्ट लोकांच्या मोबाइलवर जातात.

दोन सर्व्हरपैकी एक जुना आणि एक गेल्या वर्षी घेतलेला. कंपनी तीच, पण आतले प्रोसेसर वेगळ्या पिढ्यांचे. त्यांच्यावर चार व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे बाहेरून डबा एकच, आत चार वेगवेगळे कॉम्प्युटर. असं मशीन चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतं, याचं मला अजून नवल वाटतं. नवा सर्व्हर आला तेव्हा मी चारही मशीन भर दुपारी जुन्यावरून त्याच्यावर नेलेली. लॅबमध्ये कुणाला कळलंही नव्हतं.

मार्चमध्ये नव्या सर्व्हरच्या मेमरीची एक पट्टी कुरकुरायला लागली. ती बदलायची तर सर्व्हर बंद करायला हवा. मी म्हटलं, त्यात काय, चारही मशीन तेवढ्यापुरती जुन्यावर नेऊ. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. चौथं, ज्याच्यावर सगळे रिपोर्ट असतात, ते काही हलेना. संदेश आला की समोरच्या प्रोसेसरमध्ये या मशीनला लागणाऱ्या सोयी नाहीत.

हे कसं शक्य आहे? चारही मशीन मीच बनवलेली, एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने. चौघांच्या सेटिंगचे कागद छापले आणि पेन्सिल घेऊन ओळीला ओळ लावत बसले. कुठेच फरक नव्हता. खरं तर वैतागायला हवं होतं, पण मला जेवणाचीही आठवण राहिली नाही.

आमच्याकडे एक सीनियर टेक्निशियन आहेत, कळव्याच्या, तिथल्या जुन्या गावठाणातल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्या डबा धुऊन परत येताना दारात थांबल्या.

"काय गो, जेवायला नाय आलीस?"

मी कागद पुढे केले. "ताई, चारही सारखी आहेत. तीन जातात, एक जात नाही."

कागदांतलं त्यांना काही कळणारं नव्हतं. त्यांनी ते उलटेपालटे केले आणि पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारलं, "हिला मधी काय झालेला का?"

"म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी एक दुपार रिपोर्ट बंद नव्हते का? फोन घेऊन घेऊन माझा घसा बसलेला."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. रिपोर्टच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकायला मी ते मशीन त्या दिवशी पूर्ण बंद केलेलं आणि तासाभराने चालू केलेलं. नव्या सर्व्हरवर. बाकीची तीन जुन्यावरून आल्यापासून एकदाही बंद झाली नव्हती.

मग वाचायला बसले आणि हळूहळू उलगडा झाला. मशीन चालू होतं तेव्हा ते खालच्या प्रोसेसरला विचारतं, तुला काय काय येतं? मिळालेलं उत्तर ते बंद होईपर्यंत धरून बसतं. त्या तिघांनी जुन्या प्रोसेसरला विचारलेलं, म्हणून ती दोन्हीकडे सुखाने चालत होती. चौथ्याने दिवाळीआधी नव्याला विचारलं आणि जुन्याला न येणाऱ्या गोष्टी वापरायला लागलं. त्याला जुन्यावर नेलं असतं तर ते मध्येच कोसळलं असतं, म्हणून अडवलं होतं, आणि बरोबरच अडवलं होतं.

खात्री करायला मी एक छोटं रिकामं मशीन बनवलं. जुन्यावर चालू केलं, नव्यावर नेलं, परत आणलं, काही तक्रार नाही. मग बंद करून नव्यावर चालू केलं आणि जुन्यावर पाठवलं. तोच संदेश! मी टाळी वाजवली. आमचे मुख्य डॉक्टर, डोंबिवलीचे, सत्तरीला आलेले, मागून जात होते.

"एरर आली म्हणून आनंद झालेली व्यक्ती मी प्रथमच पाहतो आहे," ते म्हणाले.

उपाय होता. दोन्ही प्रोसेसरना जेवढं येतं तेवढंच मशीनला दाखवायचं, अशी एक सेटिंग असते. ती लावायची तर मशीन थांबवावं लागणार होतं.

"उद्या दोन वाजता करा," डॉक्टर म्हणाले. "कळव्याच्या नळ्या अडीचला येतात. त्याआधी आटोपलं पाहिजे."

दोन वाजता सेटिंग बदलली, मशीन रीस्टार्ट केलं आणि जुन्याकडे पाठवलं. पुन्हा तोच संदेश. डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगावं लागलं.

"म्हणजे निदान चुकलं?"

"नाही वाटत, सर. उपचार कुठेतरी कमी पडलाय."

"'वाटतं' एवढ्यावर मी पेशंटला दुसऱ्यांदा टेबलावर घेत नाही. आधी तपासा, मग या."

ते बोलले ते योग्यच होतं. मी परत त्या रिकाम्या मशीनकडे वळले. सेटिंग बदलून रीस्टार्ट केलं, जाईना. पूर्ण बंद केलं, थोडं थांबून चालू केलं, गेलं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. रीस्टार्टमध्ये फक्त आतलं सगळं नव्याने सुरू होत होतं. बाहेरून, सर्व्हरच्या लेखी, मशीन बंद झालेलंच नव्हतं, म्हणून जुनं उत्तरही तसंच राहत होतं. पंधरा वर्षं मी लोकांना फोनवर "रीस्टार्ट करून बघा" सांगत आलेय, आणि रीस्टार्ट आणि बंद-चालू यांत एवढा फरक असतो हे मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली. या वेळी ते स्वतः माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी मशीन पूर्ण बंद केलं, चालू केलं. ताईंना म्हटलं, "तुम्ही तुमचं काम सुरू करा, थांबू नका." त्या कुणाचातरी थायरॉइडचा रिपोर्ट टाइप करायला लागल्या आणि मी मशीन जुन्या सर्व्हरकडे पाठवलं. स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा सरकत सरकत शंभरावर गेला. संदेश आला नाही.

"गेलं," मी म्हटलं.

"कधी?" ताईंनी विचारलं. त्यांचा हात थांबला नव्हता.

डॉक्टर "हं" म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

मी नवा सर्व्हर बंद करून मेमरीची पट्टी बदलायला मागे गेले, तर ताई पाठोपाठ आल्या. इतकी वर्षं त्या इथे आहेत, पण त्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. त्यांनी आधी नव्या सर्व्हरमागे हात धरला, मग जुन्यामागे.

"इकडं गरम लागतंय."

"सगळं काम आता त्याच्यावर आहे ना."

"मला सांग, इथून तिथं जाताना मधी कुठं असतं गो ते?"

मी सांगायला लागले. मशीन चालू असतानाच त्याच्या आठवणीची नक्कल पलीकडे होत राहते, तेवढ्यात जे बदलतं ते पुन्हा पाठवलं जातं, आणि अगदी शेवटी डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ इकडचं थांबतं आणि तिकडचं सुरू होतं.

"म्हणजे तेवढा वेळ कुठंच नसतं?"

"असतं दोन्हीकडे. चालू कुठेच नसतं."

"आणि मी लिहीत होते तो रिपोर्ट?"

"त्यातलं शेवटचं अक्षर तेवढा वेळ दाराशी थांबतं," मी म्हटलं, तोवर बाहेरून कुणीतरी कळव्याच्या नळ्या आल्याचं ओरडलं. ताईंनी खिशातून हातमोजे काढले, ते चढवत चढवतच त्या बाहेर गेल्या.