ठमीला दूध सोसेना

गोठेवाल्या काकूंच्या दुधाला नाव ठेवायची अख्ख्या वस्तीत कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर धार काढण्यापासून घरोघर किटली पोचवण्यापर्यंत सगळा गाडा त्यांनी एकटीनं ओढला. गोठ्यात गाई होत्या आणि एक तिरसट म्हैस, जी काकूंशिवाय कुणाला जवळ फिरकू देत नसे. "माझ्या दुधावर वाढलेली पोरं आता माझ्याशी बोलायला खाली वाकतात," असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवत.

लेक बाळंतपणाला आली आणि मुलगी झाल्यावर तापानं आजारी पडली. अंगावरचं दूध आटत गेलं. डॉक्टरीणबाईंनी डब्यातलं दूध लिहून दिलं, तेव्हा काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"घरात दुधाचा पाट वाहतोय आणि दुकानातून पावडर आणायची? लोक हसतील मला!"

लेकीच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. काकूंनी गाईचं दूध उकळलं, कोमट केलं आणि नातीच्या तोंडी बाटली लावली. नातीला सगळे ठमी म्हणत, कारण ती जन्मापासून गुबगुबीत होती.

थोड्याच दिवसांत ठमीचे गाल लालभडक झाले. कोपराच्या खोबणीत चट्टे उठले. पोरगी खाजवून खाजवून रडे. प्यायलेलं भडाभडा ओकून टाकी, पाय पोटाशी घेऊन कळवळे. काकूंनी ठमीपुरतं दुधात पाणी घातलं. मग गाय बदलली. मग बाटली बदलली. दूध तेवढं बदललं नाही. एक दिवस लंगोट बदलताना लेक ओरडली, "आई, शीतून रक्त पडतंय गं!" तेव्हा मात्र काकूंनी पोरीला उचललं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. कधी काय दिलं, किती वेळानं ओकली, घरात कुणाला दमा किंवा खाज आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हिला दुधाची अॅलर्जी असावी, असं मला वाटतंय. एक तर एवढ्या तान्ह्या बाळाला गाईचं दूध द्यायचंच नसतं. आता तर पूर्ण बंद. मी अशा बाळांसाठीचं वेगळं, डब्यातलं दूध लिहून देते."

"माझ्या दुधात पाण्याचा थेंब नसतो हो!"

"काकू, दूध चोखच आहे. पण हिचं शरीर त्याला शत्रू समजतंय. त्यात दुधाचा दोष नाही, पोरीचा नाही, आणि तुमच्या लेकीचाही नाही."

"मग शेळीचं देऊ?"

"नको. म्हशीचंही नको. तिथंही हाच त्रास व्हायचा धोका आहे."

काकू घरी आल्या त्या फुरंगटूनच. नवं दूध ठमीला जाम आवडेना. चमचा ओठाला लागला की तोंड फिरवी. दुपारी लेकीचा डोळा लागला होता. भुकेनं रडणारी पोर काकूंना बघवेना. त्यांनी गाईच्या दुधात बोट बुडवलं आणि तिच्या जिभेवर टेकवलं. एवढंसंच तर होतं.

बघता बघता ठमीचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. काकूंनी लेकीला उठवलं आणि ठमीला उचलून त्या बाहेर धावल्या. शेजारच्या रिक्षावाल्यानं हातातला घास टाकला आणि गाडी काढली. दवाखान्यात पोचताच काकूंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "दूध चाटवलं मी. मीच." नर्सनं लगेच मांडीत इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी थांबली आणि ठमीनं असा टाहो फोडला, की काकूंचा जीव भांड्यात पडला.

लेक बाकावर शेजारी बसली होती. काकू तिच्याकडे बघू शकत नव्हत्या. "शिव्या घाल मला," त्या म्हणाल्या.

"तुला काय घालायच्या? तू तिला भुकेली बघू शकली नाहीस." लेक म्हणाली. "पण आई, पुन्हा असं केलंस तर मी तिला घेऊन निघून जाईन."

"नाही करणार," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी शब्द पाळला.

त्या दिवसापासून गोठ्यातून आल्या की त्या आधी आंघोळ करत, लुगडं बदलत आणि मगच नातीला घेत. ठमीची भांडी वेगळ्या फळीवर गेली. वरचं खाणं सुरू झालं, तेव्हा पाव असो की बिस्किट, काकू दुकानदाराला विचारून विचारून हैराण करत. "दूध विकणारी बाई दुधाला भिते होय?" असं तो एकदा हसला. काकू हसल्या नाहीत. "भिते," म्हणाल्या. "पुडा उलटा कर आणि मागचं वाचून दाखव."

गाल निवळले. ठमी पुन्हा बाळसं धरू लागली. ती चालायला लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात, स्वतःच्या देखरेखीखाली, तिला थोडं दूध देऊन पाहिलं. हनुवटीवर लाल ठिपके उमटले. "अजून नाही," बाई म्हणाल्या. "बऱ्याच मुलांचं वयाबरोबर जातं. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

लेकीचा चेहरा पडला. काकूंनी ठमीला कडेवर उचललं, ओल्या फडक्यानं तिची हनुवटी पुसली आणि म्हणाल्या, "चला. भात खाऊनही माणसं मोठी होतात."