नको म्हटलेला गुश्ताबा

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा शहात्तर वर्षांचा होतो आणि माझं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण त्याच वर्षी सिंगापुरात, चारचौघांत, माझ्या पोटच्या पोरानं मला भ्रमिष्ट ठरवलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं आयुष्यभर गवंडीकाम. पण गावात लग्न असो की बारसं, माझं पान कुठं मांडायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. आणि पानावर बसल्यावर कसं वागायचं तेही मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाढपी आला की पहिल्यांदा नको म्हणायचं. तो आग्रह करतो. पुन्हा नको म्हणायचं. मग यजमान स्वतः येतो, आपली शपथ घालतो, आणि मग आपण म्हणायचं, बरं, तुमच्या शब्दाखातर. न विचारता पान पुढं करतो तो हावरा. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे कळतं.

पोरगा इथं सिंगापुरात, जुरोंग आयलंडवर, इंजिनिअर आहे. माझी बायको गेल्यावर त्यानं मला सेंगकांगला आपल्या घरी आणलं. नात त्याआधीच मोठी होऊन इथंच नोकरीला लागली होती. ती पाच वर्षांची होईतो गावी माझ्याजवळ होती, म्हणून मला आजोबा नाही, आबा म्हणते. तिनं आपल्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. काश्मिरी, मुसलमान. भावकीनं फोनवर थू थू केली. सूनबाई आठवडाभर धड जेवली नाही. पोरगा नुसता येरझाऱ्या घालत होता. त्या घरात पहिला होकार मी दिला. म्हणालो, मुलाला इथं बोलवा, माझ्यासमोर बसू दे. मुलगा आला, वाकून नमस्कार केला, डोळ्याला डोळा देऊन बोलला. मला तेवढं पुरलं. नातीनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि ती ढसाढसा रडली.

हे पण लिहून ठेवतो, कारण नंतर कुणाला आठवलं नाही.

लग्न पक्कं झाल्याचं जेवण मुलाकडच्यांनी ठेवलं. मुलाचा बाप आणि मामा श्रीनगरहून आले होते, बिशानला मुलाच्याच फ्लॅटवर उतरलेले. हा मामा म्हणजे वाझा. त्यांच्याकडं पिढीजात आचाऱ्याला वाझा म्हणतात आणि तो जे जेवण रांधतो त्याला वाजवान. भाच्याच्या लग्नाचं वाजवान दुसऱ्याच्या हातून नको, म्हणून तो स्वतः तांब्याची ताटं सामानात घालून आला होता. तिकडं म्हणे वाजवान झाल्याशिवाय लग्न लोकांच्या लेखी धरतच नाही, मग कर्ज का काढावं लागेना. मटण तो दगडावर ठेवून लाकडी हातोड्यानं कुटायचा, लोण्यासारखं होईपर्यंत. खालच्या मजल्यावरची चिनी बाई दोनदा भांडायला आली. मुलगा "सॉरी आंटी, सॉरी आंटी" करत दारात उभा, आणि आत मामाचं ठाक ठाक चालूच. गॅसवर शिजवावं लागलं याचंच त्याला दुःख. लाकडाच्या जाळाशिवाय हे काय रांधणं, म्हणायचा.

जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पोरानं मला पढवायला सुरुवात केली.

"आबा, चौघांत एक ताट असतं. आपल्यासमोरच्या भागातलंच खायचं."

"बरं."

"हात धुवायला झारी घेऊन येतील. उठायचं नाही. बसल्या जागी."

"मी काय पहिल्यांदा माणसांत चाललोय?"

"तसं नाही हो. तुम्ही पटकन काहीतरी बोलता."

सगळं सांगितलं त्यानं. एक सोडून. होणाऱ्या नातजावयानं त्याला ते बजावून सांगितलेलं, याचं मला सांगायचं राहिलं. राहिलं याचं, नाव गेलं माझं.

मुलाच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथं व्हॉइड डेक म्हणतात, पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. मोठे पंखे फिरत होते. मी मांडी घालून बसलो तसा मुलाचा बाप खूश झाला. "वाह बुज़ुर्गवार, आप तो हमारे जैसे बैठते हैं!" आमच्या ताटावर आम्ही चौघं, मी, माझा पोरगा, व्याही आणि होणारा नातजावई. ताटाला त्रामी म्हणतात. भाताचा ढीग, वर कबाब, तळलेल्या बरगड्या. मग मामा एकेक पातेलं घेऊन यायचा आणि चौघांच्या वाटणीवर काही न विचारता वाढून जायचा. व्याही आपल्या बाजूचा चांगला तुकडा काढून माझ्याकडं सरकवत होता. खोटं कशाला बोलू, इतका मान मला सिंगापुरात आल्यापासून कुणी दिला नव्हता. मी पोटभर जेवलो, गळ्यापर्यंत.

शेवटी मामा पुन्हा आला. दह्याच्या पांढऱ्या रश्श्यात मटणाचे मोठाले गोळे. गुश्ताबा. या वेळी त्यानं नुसतं वाढलं नाही. माझ्यासमोर वाकला, पळीत गोळा घेतला आणि थांबला. माझ्या तोंडाकडं बघत थांबला. यजमानाकडचा माणूस असा थांबला की आपण काय करतो? मी दोन्ही हात ताटाच्या माझ्या बाजूवर आडवे धरले आणि म्हणालो, "बस, बस. नहीं चाहिए."

आणि आग्रहाची वाट बघत बसलो.

आग्रह आलाच नाही. मामा तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं गोळा पातेल्यात परत सोडला. व्याह्यानं घास खाली ठेवला. शेजारच्या ताटावर बायका बसल्या होत्या, तिथून नात माझ्याकडं डोळे फाडून बघत होती. मला कळलं की काहीतरी झालंय, पण काय ते कळेना. आता तुम्ही म्हणाल, मग मागून घ्यायचं. एकदा नको म्हटलेलं अन्न मी मागून घेऊ? जन्मात मागितलं नाही.

ताटातलं उरलेलं कुणी खाल्लं नाही. हात धुतल्यावर व्याही माझ्या पोराला म्हणाला, आणि मी दोन हातांवर होतो, "हमसे क्या कमी रह गई? गुश्ताबा लौटाना मतलब घर लौटाना. बुज़ुर्ग को रिश्ता मंज़ूर नहीं था तो पहले कह देते. हमारे हाथ का नहीं खाना था, तो भी कह देते."

मामा तोवर पातेलं झाकून एकटाच जिन्याकडं निघाला होता. नातीचा चेहरा पांढरा पडलेला. मी तोंड उघडणार, एवढ्यात पोरगा मध्ये घुसला.

"नहीं नहीं, ऐसा मत समझिए. इनको... इनको भूलने की बीमारी है. दिमाग़ की. क्या बोलते हैं, इनको ही पता नहीं चलता."

झालं. व्याह्याचा चेहरा एकदम लोण्यासारखा मऊ. मामा अर्ध्या जिन्यातून परत आला. दोघांनी मला मिठी मारली. व्याही माझ्या कानाशी येऊन, बहिऱ्याशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "कोई. बात. नहीं. आराम कीजिए." मामानं ओला रुमाल आणून माझी बोटं पुसली. मघाशी मी बुज़ुर्गवार होतो. आता तान्हं पोर झालो होतो. आणि माझा पोरगा घाम पुसत हसत होता.

घरी परतताना पोरानंच आधी तोंड उघडलं. 

"मी काय करायला हवं होतं, सांगा ना."

"मला विचारायचं होतंस. मी तिथंच होतो, मेलो नव्हतो."

"विचारलं असतं तर चुकलो म्हणाला असता तुम्ही?"

"चुकलोच नव्हतो तर कसा म्हणू?"

"बघा! हेच. म्हणूनच."

नात त्याच्यावर उखडली. "पप्पा, तुम्ही असं anyhow काहीपण कसं सांगता lah! आबांना काहीही झालेलं नाहीये." मग माझ्याकडं वळली. "आबा, मी उद्या त्यांना खरं सांगते."

मी म्हणालो, गप बस. खरं काय सांगणार ती? की म्हातारा शुद्धीत होता, शुद्धीतच त्यानं तुमचा गुश्ताबा परत केला आणि वर माझे पप्पा तुमच्याशी खोटं बोलले? आग्रहाची रीत त्यांना समजावून सांगायची? समजली असती कदाचित. कदाचित नसती समजली. तिचं अख्खं लग्न त्या कदाचितवर मी टाकणार नव्हतो. खरं सांगायला माझ्या पोरानं जागाच ठेवली नव्हती.

सकाळी आम्ही चहा घेत होतो तोच बेल वाजली. दारात व्याही आणि मामा. मामाच्या हातात डबा. हे निघताना फोन करून आले असते तर पोरानं मला फिरायला पाठवलं असतं. आता वेळ गेली होती.  नात स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचं टोक पिळत उभी. सूनबाईनं टीव्ही बंद केला.

व्याही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. मामानं डबा उघडला. दोन गोळे, गरम करून आणलेले. व्याह्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, हळूहळू विचारलं, "मुझे पहचाना? मैं कौन हूँ?"

त्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव, त्याला दोन बहिणी आहेत आणि थोरलीचा नवरा सफरचंदाच्या व्यापारात बुडाला, हे सगळं त्यानं मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. सगळं माझ्या जिभेवर होतं. मी पोराकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. नातीकडं बघितलं नाही.

"नहीं," मी म्हणालो. "कौन हो भाई?"

मामानं गोळा मोडून घास माझ्या तोंडापाशी आणला. मी त्याचा हात बाजूला सारला, डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही गोळे माझ्या हातानं खाल्ले.