सगळं घर आणा

किस्से जमवावे लागत नाहीत. दवाखान्याच्या खुर्च्यांत ढेकूण होतात तसे ते आपोआप होतात, आणि नंतर चावत राहतात! साठच्या दशकात मी सांगलीत मनोविकाराच्या एका दवाखान्यात नोकरीला होते. लोक त्याला ‘डोक्याचा दवाखाना’ म्हणत. आमचे डॉक्टर परदेशातून एक नवीनच खूळ शिकून आले होते. पेशंट एकटा आला की ते म्हणत, “सगळं घर आणा!” घरची माणसं हवी तिथं बसायची, आणि कोण कुणाजवळ बसलं याचा नकाशा मी कोपऱ्यात बसून वहीत काढायची.

आता हसून सांगते, पण तेव्हा माझं निम्मं लक्ष घरीच असायचं. माझी नऊ वर्षांची कुसुम संक्रांतीपासून बोलत नव्हती. गोड बोलायच्या सणापासून पोरीचं बोलणंच बंद! घशात काही दोष निघाला नाही. शाळेतून चिठ्ठी आली होती, परीक्षेपर्यंत बोलली नाही तर नाव काढून न्या. डॉक्टरांना सांगायची मात्र माझी छाती होत नव्हती, कारण ते काय म्हणणार हे मला पाठ होतं.

*

कवठे महांकाळचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिला सारखं थरथरायला व्हायचं.

“बाकीचे कुठं आहेत?”

“बाकी समदी बरी हाईत की!”

“म्हणूनच आणा.”

पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर अकरा माणसं आली आणि एक शेळी! शेळीपाशी घरी ठेवायला माणूसच उरला नव्हता म्हणे. नकाशा बघून डॉक्टरांनी विचारलं, “हिच्या शेजारी कोण?” मी म्हटलं, “शेळी.” बाकीचे अकराच्या अकरा समोरच्या भिंतीला टेकून बसले होते.

*

साताऱ्याकडचा एक जवान रजेवर आला की त्याचं पोट दुखायचं. एका बाजूला आई, एका बाजूला बायको, मध्ये हा. त्या दोघी एकमेकींशी भांडतच नसत, दोघीही ह्याच्याशीच भांडत.

“युनिटमध्ये दुखतं का?”

“न्हाई सायेब. तितं निस्ता गोळीबार असतोय!”

*

एकाची दारू सुटली. घरच्यांनी पेढे वाटले. महिन्याभरात त्याच्या बायकोनं अंथरूण धरलं. ती उठली तर धाकटा भाऊ घर सोडून निघाला. शेवटी त्याची म्हातारी आई माझ्या कानाशी लागली, “बाई, त्याला थोडी थोडी चालू करू का? घर तरी ताळ्यावर यील.”

डॉक्टर म्हणाले, “घराला आजाराचीसुद्धा सवय लागते.” मी घरी आले आणि कुसुमकडे बघत बसले. हिच्या गप्प राहण्यावर आमच्या घरात काय तगून आहे, हे स्वतःला विचारायचंही मला भय वाटलं.

*

एक नवी सून होती. प्रत्येक उत्तराआधी सासूकडे बघायची. डॉक्टरांनी विचारलं, “नाव काय तुझं?” तिनं सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, “सांग की!”

खोलीभर हशा पिकला. मला हसू आलं नाही. कुसुमही आधी अशीच माझ्याकडे आणि तिच्या आबांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, आळीपाळीनं बघायची.

*

आमचा नवरा-बायकोचा अबोला होता. माधवनगरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेल्या नवऱ्याला माझी ही नोकरी पसंत नव्हती. पाच महिने सगळे निरोप कुसुमच्या तोंडून जायचे. “आबांना सांग, ताट वाढलंय.” “आईला सांग, भूक न्हाई.” पोरीनं ते संक्रांतीपर्यंत ओढलं.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा मीच केसपेपर काढला. त्यावर कुसुमचं नाव घातलं. डॉक्टरांनी वाचलं, आणि मला पाठ होतं तेच म्हणाले.

आम्ही बसलो. तिकडे नवरा, इकडे मी, मधल्या खुर्चीत कुसुम. नकाशाची वही आज डॉक्टरांच्या हातात होती.  त्यांनी कुसुमला हाताला धरून उठवलं आणि टेबलापलीकडे आपल्या स्वतःच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

मधली खुर्ची रिकामी.  पोर कायमची मुकी राहिली तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. नवरा मान खाली घालून बसला होता. मग त्यानं सवयीनं त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं.

“कुसुम, आईला सांग... मला लय भ्या वाटतंया.”

डॉक्टरांच्या खुर्चीतून घोगरा, गंजलेला आवाज आला.

“आबा, तुमीच सांगा की!”