नाटकात नसलेलं वाक्य

नाटक मंडळीत त्यांना सगळे 'मागच्या बाई' म्हणत. समोर त्या कधी आल्याच नाहीत, मग दुसरं काय म्हणणार? एकेचाळीस वर्षं प्रॉम्प्टर. नटाचं वाक्य अडलं की विंगेतून ते त्याला पुरवायचं, आणि टाळी मात्र त्याने घ्यायची. त्याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. ताठा होता तो नियमांचा. पहिले दोनच शब्द द्यायचे, तिसरा नटाने स्वतः आणायचा. आवाजात अभिनय घालायचा नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगून मोकळं व्हायचं. आणि पुस्तकात नसलेला एक शब्दही पदरचा घालायचा नाही, म्हणजे नाही. या बाबतीत बाई फार खाष्ट होत्या. लेखकानेही त्यांना घाबरून असावं इतक्या.

आता मंडळीही म्हातारी झाली होती. मोठं थिएटर सुटलं, तेव्हा मॅनेजरने नवं काढलं. दर बुधवारी दुपारी वृद्धांच्या एखाद्या निवासात जायचं. एक व्हॅन, तीन नट, घडीचे तीन पडदे, कपड्यांची पेटी. जेवणाच्या हॉलमधली टेबलं भिंतीला सरकवायची, चाकांच्या खुर्च्या पुढे, काठीवाले मागे, आणि अर्ध्या तासाचा एक प्रवेश करायचा. नट साठी उलटलेले. "प्रेक्षक विसरभोळे, नट विसरभोळे, नाटक काय ते एकट्या बाईंना पाठ," असं मॅनेजर म्हणायचा.

अशाच एका निवासात बाईंचा नवरा होता. चौदा महिने झाले होते. एके काळचा मंडळीतला पहिल्या नंबरचा नट, आवाज असा की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस उठून बसावा. पाठांतर मात्र पहिल्यापासून दिव्य. घरी आलेल्या पाहुण्यांची नावंसुद्धा बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पुरवायची. तेव्हा ती थट्टा होती. मग एके दिवशी त्याने बाईंनाच विचारलं, "आपण कोण?" आणि थट्टा संपली.

बाई रोज भेटायला जात आणि तो रोज म्हणे, "काय काम आहे? दार लावून घ्या जाताना." अंघोळ घालायला गेलं की कप फेकायचा. सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

एका बुधवारी मंडळीचा प्रयोग तिथेच होता. दीपगृहाच्या राखणदाराचा प्रवेश. हा राखणदार आयुष्यभर एकटा राहिलेला, ना बायको ना पोर, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी नव्या माणसाच्या हाती किल्ल्या देतो. नट अडला. पडद्यामागून बाईंनी दोन शब्द दिले, "वादळ येतं..." आणि नटाच्या आधी दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वादळ येतं ते विचारून येत नाही, पोरा!" नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. पुढचं अख्खं भाषण त्याने म्हटलं. बाईंना पुढे एक शब्दही द्यावा लागला नाही.

म्हणजे बायको गेली होती त्याच्या डोक्यातून, पण प्रॉम्प्टर शाबूत होती! बाईंनी मॅनेजरकडून एक पडदा मागून घेतला आणि नवऱ्याच्या खोलीत कोपऱ्यात उभा केला. मागे एक स्टूल. तिथे बसून त्या सांगत, "उजवा हात वर... आता बाही..." आणि तो शहाण्यासारखा शर्ट काढी. "घास घ्यायचा आहे," की घास घेई. नर्स म्हणाली, "जादूच आहे की!" बाई पडद्याबाहेर आल्या की मात्र तो पुन्हा विचारी, "आपण कोण?"

या सगळ्यात बाईंना हवं होतं ते एवढंच, की त्याने एकदा, एकदाच, आपल्या मनाने त्यांच्याविषयी काही बोलावं. एका दुपारी मोह आवरला नाही. पडद्याबाहेर येऊन त्या समोर उभ्या राहिल्या असत्या तर त्याने हाकलून दिलं असतं, म्हणून आतूनच त्यांनी दोन शब्द दिले, "तू थकली..." आणि थांबल्या. 'तू थकली असशील, बस जरा,' हे वाक्य संसारात त्याने हजारदा म्हटलं होतं. तो म्हणाला, "तू थकली." आणि तोही थांबला. पुढचं येईना. बाईंनी वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी तोंडावर पदर धरून रडल्या. त्याच्या तोंडून आपलेच शब्द ऐकायचे, यापेक्षा न ऐकलेलं बरं. पुन्हा हे करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

आणि ठरवलेलं मोडलं ते लेकीसाठी.

एकुलती एक लेक. तिचा नवरा आणि मुलगा आठ महिन्यांपूर्वी परदेशी गेले होते, ही अडकून बसली होती. बापाने शेवटच्या भेटीत तिला चोर ठरवलं होतं. "ही माझं घड्याळ न्यायला आली आहे," म्हणाला, आणि घड्याळ त्याच्याच मनगटावर! त्यानंतर ती त्याच्या खोलीत गेलीच नाही. तिकडे मुलगा फोनवर रडायचा, इकडे ही म्हणायची, "बाबांनी एकदा ओळखावं, आई. मग जाते." शनिवारचं तिकीट होतं. आधीची दोन तिने रद्द केली होती.

बुधवारी त्याच निवासात पुन्हा दीपगृहाचा प्रवेश लावला. राखणदार म्हणून बाईंनी नवऱ्यालाच बसवलं, लेकीला पहिल्या रांगेत. प्रयोग काय रंगला म्हणता! किल्ल्या देण्याची जागा आली. तिथे एक मोठा विराम आहे. बाईंनी पुस्तक मिटलं. दोन शब्दांवर पुढचं यायला ते मुळात त्याच्यात असावं लागतं, हे त्यांना आता ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अख्खं वाक्य दिलं, हळू, सपाट.

"माझी चिमणी आली का? तिला म्हणावं, बाप खूश आहे, तू जा."

तो मान वर करून समोर पाहत म्हणाला, "माझी चिमणी आली का? तिला म्हणावं, बाप खूश आहे, तू जा." आणि आवाजात ते सगळं आलं जे बाईंनी दिलं नव्हतं. नट होता हो तो! जन्मभर एकट्या राहिलेल्या राखणदाराला अचानक मुलगी झाली, पण हॉलमध्ये कुणालाही खटकलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल लागले. लेक तर हुंदके देत उठलीच.

प्रयोगानंतर त्याला खोलीत नेलं. दारातच लेकीने आईला मिठी मारली. "लहानपणीसारखं चिमणी म्हणाले, आई! ऐकलंस ना? आता मी कशाला जाऊ? तिकीट रद्द करते. यांना आणि पिल्लाला इकडेच बोलावते."

बाईंना दरदरून घाम फुटला. करायला गेलं एक आणि झालं भलतंच! पोरगी मोकळी व्हावी म्हणून नियम मोडला आणि तीच आता पाय रोवून उभी.

"रद्द करू नकोस," बाई म्हणाल्या. "ते वाक्य माझं होतं."

"म्हणजे?"

"मी दिलं. पुरतं. त्यांचं त्यात काही नव्हतं, बाळ."

लेक मागे सरली. तिचा चेहरा पाहवेना. "तू मला फसवलंस?"

"हो."

"चिमणी हा शब्दसुद्धा?"

"तोसुद्धा."

तिने डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "तुझं ऐकतात ना? मग माझंही ऐकतील. मी पण त्यांच्याच पोटची आहे." आणि तरातरा खोलीत जाऊन पडद्यामागे स्टुलावर बसली. बाई "अगं, नको" म्हणत मागोमाग आल्या आणि नवऱ्यासमोरच थांबल्या. तो पलंगाच्या कडेला बसला होता, राखणदाराची टोपी मांडीवर घेऊन.

पडद्यामागून लेकीचा आवाज आला. घोगरा, रडवेला. "चिमणे, कधी आलीस..."

त्याने मान वळवली. कपाळाला आठी पडली.

"मागे कोण आहे?" तो म्हणाला. "हा आवाज आमचा नाही."

"आमच्या बाई कुठे गेल्या?" तो टोपी ठेवून उठू लागला. "अशा न सांगता जायच्या नाहीत त्या. ताप अंगावर काढून बसतात, त्यांना बरं नसेल. कुणी विचारलं का? त्या स्टुलावर बसून पाठ मोडते त्यांची, दहादा सांगितलं मॅनेजरला, खुर्ची द्या म्हणून. कुणाला काही आहे का त्यांचं?"

यातलं एक अक्षर कुणी पुरवलं नव्हतं.

मग समोर उभ्या असलेल्या बाईंकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने परक्या बाईपुढे जोडावेत तसे हात जोडले.

"अहो, तुम्ही इथल्याच ना? जरा बघता का, आमच्या बाई कुठे आहेत? त्यांच्याशिवाय मला पुढचं येत नाही."

'मीच ती' म्हटलं असतं तर तो रागावला असता, दार दाखवलं असतं.

"बघते हं," त्या म्हणाल्या.

आणि पडद्याला वळसा घालून आत गेल्या. लेक स्टुलावरून उठली. तिने आईला धरून बसवलं, आपल्या खांद्यावरची शाल घडी करून पाठीमागे भिंतीला लावली आणि कानाशी कुजबुजली, "तुझं वाक्य आलं, आई. त्यांना हवी आहेस ती तू. मी शनिवारी जाते."

पलीकडून त्याने विचारलं, "आल्या का?"

"आले," बाई म्हणाल्या.

"हुश्श. मग चला. कुठवर आलो होतो आपण?"

पुस्तक मांडीवर होतं, पण बाईंना अक्षरं दिसेनात. लेकीने खाली बसून पान शोधलं आणि ओळीखाली बोट धरलं.