स्टॅनमोरचा स्लॅब

थंडीवर रागावणारे लोक लंडनमध्ये घरोघरी सापडतील. पण थंडी पडत नाही म्हणून रागावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका नागपूरचा निघावा! हे माझे मामेसासरे. आयुष्यभर त्यांनी स्लॅब टाकले, आधी विदर्भात, मग इथल्या कौन्सिलसाठी; त्यामुळे जगातली कुठलीही सपाट गोष्ट त्यांना स्लॅबच वाटते. धिरडं एका बाजूला जाड झालं तरी म्हणणार, "लेव्हल गेली." नोव्हेंबरात त्यांनी स्टॅनमोरच्या घरामागे मामींची कोथिंबीर उपटून आईस रिंक बांधायला घेतली, तेव्हा शेजारच्या बाईंनी प्लॅनिंग परमिशनची चौकशी केली. मामा म्हणाले, "मॅडम, इट इज ओन्ली वॉटर."

हे सगळं मामींसाठी होतं. त्या नर्स होत्या आणि रिटायर होईपर्यंत दर शनिवारी मैत्रिणींबरोबर स्केटिंगला जायच्या. मामा तीस वर्षांत एकदाही बघायला गेले नाहीत. "पडायचंच तर घरी बाथरूम आहे की," हा त्यांचा युक्तिवाद. आता मामींचं दुखणं शेवटाला आलं होतं. ही थंडी काढतील, एवढंच डॉक्टर म्हणाले होते, आणि मामांना त्यांना एकदा, फक्त एकदा, बर्फावर उभं राहिलेलं बघायचं होतं. बाहेर गर्दीत जायची मामींमध्ये ताकद नव्हती, म्हणून बर्फच घरी आणायचा.

फळ्यांची चौकट, आत जाड प्लास्टिक, वर चार बोटं पाणी. लेव्हल गवंड्यासारखी नळीत पाणी भरून तपासलेली. रोज मला शेजारच्याच हॅरोला फोन: "जय भीम जावईबापू, तुमच्याकडे टेम्परेचर काय?" जसं काही हॅरो हिमालयातच आहे. डिसेंबरात आठवडाभर आम्ही सगळे गाड्यांच्या काचा खरवडत होतो, तरी मामांच्या रिंकमध्ये डबकंच. सकाळी बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा, त्यात बारीक तडे दिसायचे, आणि तडे दिसले की मामांचा हात आपोआप पाइपकडे जायचा. स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचंच, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. "जमून राहिलं, जमून राहिलं," असं म्हणत ते नळ सोडायचे. मामी खिडकीतून बघत असत. "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासाठी वेळेवर उठतायत," असं एकदा त्या मला म्हणाल्या.

जानेवारीत मामींना हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. चार दिवस मामा त्यांच्या उशाशी बसून होते. बाहेर पुन्हा डिसेंबरसारखी थंडी पडली होती. पाचव्या दिवशी मामी गेल्या.

मामांना घेऊन मी घरी आलो, तर मागे बर्फ तयार. कडक, एका लेव्हलमध्ये, कुठे तडा नाही. मामांनी टाचेने ठोकून पाहिला.

"चार दिवस पाणी मारलं नाही, म्हणून जमलं," ते म्हणाले. "म्हणजे रोज मीच वितळवत होतो, जावईबापू?"

"छे हो, मामा! थंडीच आत्ता पडली. तुम्ही काय करणार?"

डिसेंबरातही एवढीच थंडी होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. उभ्या आयुष्यात मामांनी कुणाचं कच्चं काम पास केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि माझं ते पास केलं.