कुशीवरचा श्वास

१४ मे १९८६. गहू निवडायला घेतले, कारण त्या कामाचा आवाज होत नाही. हे रात्रपाळी करून झोपले होते.

हे तळोज्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवत. मागच्या आठवड्यात वर केबिनमध्येच डोळा लागला आणि लोखंडाचा गठ्ठा खालच्या माणसाच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं गेला. मुकादमानं प्रकरण दाबलं, पण डॉक्टरला दाखवायला बजावलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. झोपेत गळ्यातली वाट मिटते, श्वास अडतो, म्हणून माणूस जागेपणी पेंगतो. सगळ्यांचं सारखं नसतं. काहींचा श्वास उताणं झोपल्यावरच अडतो; त्यांना कुशीवर निजवलं की भागतं. काहींचा कसंही झोपलं तरी अडतो. त्यांचं फारच वाढलं तर गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. दुसरा उपाय डॉक्टरांकडे नव्हता. यांचा प्रकार कोणता, ते घरी बघून सांगायचं काम माझं. नळीवाल्या माणसाला क्रेनवर कोण ठेवणार, हे मी विचारलं नाही.

कळंबोलीतली आमची एकच खोली. उजेड नको म्हणून खिडकीला चादर, आवाज नको म्हणून दार बंद, नळ बंद. मे महिन्याचा उकाडा. कोपऱ्यात सासूबाई पदरानं वारा घेत होत्या. ‘‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. जित्या माणसाची कसली राखण करतेस?’’ म्हणाल्या.

हे उताणे होते. घोरणं एकदम थांबे. छाती वरखाली होई, नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. मग हिसका देऊन श्वास सुटे. मी ढकलून कुशीवर केलं. शांत झाले. मला इतकं हलकं वाटलं, की उठून नळ सोडणार होते. तेवढ्यात झोपेतच पापण्या थरथरायला लागल्या आणि कुशीवर असतानाही श्वास अडला. पुन्हा अडला. कूस बदलून पाहिली. तेच.

हे जागे झाल्यावर मी पाहिलं ते यांना सांगितलं. हे बराच वेळ गळा चोळत बसले.

‘‘कुशीवर बरा असतो, एवढंच सांग,’’ म्हणाले.

‘‘आणि खालच्या माणसांचं काय?’’

‘‘नोकरी गेली तर आपलं काय?’’

सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, लेकराचा गळा चिरायला निघालीय. मी चहा ठेवला. खरं सांगावं तर गळा आणि नोकरी, खोटं सांगावं तर कुणाचा तरी जीव. त्या खोलीत मला तिसरी वाट दिसली नाही. संध्याकाळी हे डबा घेऊन कामावर गेले, आणि मी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटायच्या आधी मी कारखान्याच्या फाटकाशी उभी होते. हे बाहेर आले, तशी यांना घरी न्यायच्या ऐवजी थेट मुंबईच्या बसनं घेऊन गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, कुशीवरही अडतो.