मशीननं साहेबांना काका म्हटलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा गोंधळ सांगताना मला अजूनही घाम फुटतो. आणि कप जरा खाली ठेवा, सांडाल!

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी पोलादपूरचा, कॉम्प्युटरचा ताजा डिप्लोमावाला, महाड एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत नुकताच चिकटलेला. कंपनीचं नाव विचारू नका, अब्रू माझीच जाईल. ऑफिसात एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले पाच टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, डोकं सगळं त्या एका मशीनमध्ये. कोणी आपलं नाव टाकलं की त्याच्यापुढे कोणता प्रोग्राम उघडणार, तो त्याला कुठे नेणार आणि कधी बाहेर सोडणार, हे मी ठरवायचं. पाच माणसांचा ब्रह्मदेवच की हो मी!

त्या पाचांत डिस्पॅचचे गोविंदकाका. राहणार तुडील, वय छप्पन्न. कंपनी सुरू झाल्यापासून गाड्यांचे गेटपास हातानं लिहिलेले. काकी जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा मुंबईला. आणि मॅनेजरांनी फर्मान काढलेलं, की ज्याला कॉम्प्युटर जमणार नाही त्यानं गोडाऊनला जायचं. गोडाऊनला म्हणजे दिवसभर उभं राहून पिंपं चढवून घ्यायची. काकांचे तर दोन्ही गुडघे गेलेले!

कीबोर्डला काका असं बोट लावायचे, जसा काही तापलेला तवा. तिसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "रवी, मी आपला गोडाऊनलाच जातो रे. हे माझ्याच्यानं व्हायचं नाय."

मला फार वाईट वाटलं. मग मी फक्त त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. उघडला की पडद्यावर यायचं, 'काका, चष्मा लावलात का?' मग, 'गुडघ्याला तेल लावलंत का?' मग, 'घाई नाही. चुकलात तरी काही मोडत नाही. मी आहे.' मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आमच्या पडद्यावर देवनागरी कुठली! एवढं झालं की गेटपासचा तक्ता.

बाहेर पडायचं मात्र वेगळंच त्रांगडं. मूळ प्रोग्राममध्ये शेवटी 'बाहेर पडा' असं होतं. काका ते दाबायलाच तयार नाहीत. टर्मिनल तसंच चालू ठेवून घरी! विचारलं तर म्हणतात कसे, "दिवसभर त्याच्याजवळ बसलो, आणि संध्याकाळी म्हणतंय बाहेर पडा? मी काय भांडून चाललोय?"

आता सांगा, चूक होतं का त्यांचं? आपण कोणाकडून उठताना 'जातो' म्हणतो का कधी? म्हणून मी असं केलं, की 'येतो' असं लिहिलं तरच सुटका. मग मशीन म्हणणार, 'या काका. सावकाश जा.' दुसरं काहीही लिहिलं की, 'काका, असं न सांगता उठतात का?'

काका खूश! दोनेक महिन्यांत हात बसायला लागला.

आणि मुंबईचे मोठे साहेब येणार असं ठरलं. कोणाला कॉम्प्युटर येतो, कोणाला नाही, ते स्वतः बघणार. काकांना तोवर यादीतून आकडा दाबून आपला प्रोग्राम निवडावा लागायचा. साहेबांपुढे आकडा चुकला म्हणजे? त्यापेक्षा काकांनी नाव टाकलं की थेट तोच उघडू दे, म्हटलं. एका ओळीचं काम. ती ओळ मशीनमधल्या काकांच्या स्वतःच्या फाइलीत लिहायची. मी कुठे लिहिली? सगळ्यांच्या सामाईक फाइलीत! काकांच्या नावानं तपासलं, चाललं, आणि पोलादपूरची एसटी पकडायला धावत सुटलो.

सकाळी साहेब मॅनेजरांच्या टर्मिनलवर बसले. मॅनेजरांचंच नाव टाकलं.

'काका, चष्मा लावलात का?'

साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी माझ्याकडे. मी पंख्याकडे. साहेबांचा चष्मा खरंच खिशात होता हो! त्यांनी निमूटपणे काढून लावला. तर पुढे गुडघ्याचं तेल.

"हे कोण विचारतंय?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून अकाउंटच्या कुलकर्णीबाई ओरडल्या, "रवी, मला काका काय म्हणतोयस रे?"

मॅनेजरांनी घाईघाईनं बाहेर पडायला exit लिहिलं, quit लिहिलं, शेवटी bye सुद्धा लिहून पाहिलं. मशीनचं आपलं एकच, 'काका, असं न सांगता उठतात का?'

मी एक शब्द बोललो असतो तर सगळे सुटले असते. पण मग हा प्रोग्राम कोणासाठी, कशासाठी, सगळंच बाहेर आलं असतं आणि काका गोडाऊनला! म्हणून मी काय म्हणालो असेन? "साहेब, व्हायरस असेल."

"मराठी व्हायरस?" साहेब म्हणाले. "आणि इतका काळजीवाहू?"

बाहेर कशेडी घाट चढायच्या गाड्या गेटपाससाठी हॉर्न मारायला लागल्या. मॅनेजर ओरडले, "बंद करा ते मशीन!"

"थांबा साहेब." गोविंदकाका गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि टर्मिनलपाशी आले. "न सांगता कसं सोडील ते? येतो म्हणायचं." आणि टाइप केलं. एका बोटानं नाही, दोन्ही हातांनी!

'या काका. सावकाश जा.'

मग कुलकर्णीबाईंना सोडवलं, स्टोअरवाल्याला सोडवलं. साहेबांनी विचारलं, "हा प्रोग्राम कोणासाठी आहे?"

"माझ्यासाठी लिवलाय ह्या पोरानं," काका म्हणाले. "मला येत नव्हतं."

मी डोळेच मिटले.

साहेब मॅनेजरांना म्हणाले, "ज्यांच्याशिवाय तुम्हाला बाहेर पडता येत नाही, त्यांना तुम्ही गोडाऊनला पाठवणार?"

दुपारी मी काकांपाशी गेलो. "चुकलो काका. चारचौघांत तुमचे गुडघे काढले. ते प्रश्न आजच पुसून टाकतो."

"नको रे. ते सोडून थेट आत कसं जायचं, ते मला महिन्यापासून ठावं हाय."

"मग रोज उत्तरं कशाला देता?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "घरात विचारणारं कोण हाय आता?"

खरं सांगतो, रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर साहेबांचा हुकूम लागला, की मशीनमध्ये काहीही बदल करण्यापूर्वी रवीनं गोविंदकाकांची परवानगी घ्यावी. काकांनीही तो मनावर घेतला. ते निवृत्त होईपर्यंत मी एक ओळ जरी लिहिली तरी खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "कोणाच्या फाइलीत लिवलंस, मोठ्यानं वाच." आणि मी, डिप्लोमावाला, पहिलीतल्या पोरासारखा उभा राहून वाचायचो!